छिन्नमानस : निदान आणि निदानोत्तर जीवन यांचा इतिहास

छिन्नमानस : विचार, संवेदन, भावना, प्रेरणा व वर्तन यांतील परस्परसंगती बिघडविणारी एक गंभीर चित्तविकृती. 'स्किझोफ्रेनिया' या यूरोपीय संज्ञेचा हा मराठी पर्याय असून मूळ संज्ञेतील ग्रीक घटकशब्दांचे अर्थ अनुक्रमे 'दुभंगणे' व 'मन' असे आहेत. एकाच व्यक्तीत दोन व्यक्तिमत्त्वे नांदतात, असा या नावाचा अर्थ लोकव्यवहारात केला जातो. तो चुकीचा आहे. दुभंग असतो तो विचार आणि भावना यांत, तसेच व्यक्तीचे अनुभवविश्व आणि बाह्य वास्तव यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सु. २.४ कोटी लोकांना, म्हणजे साधारणपणे दर ३०० व्यक्तींमागे एकीला, हा विकार असतो. तो बहुधा कुमारवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा काहीसा लवकर प्रकट होतो. शिक्षण, नोकरी व विवाह यांच्या उंबरठ्यावरच निदान होत असल्याने त्याचा आघात रुग्णाइतकाच कुटुंबावरही होतो. पुढे काय वाढून ठेवले आहे, हा अशा वेळी विचारला जाणारा पहिला प्रश्न होय. गेल्या सु. सव्वाशे वर्षांत त्याचे उत्तर अनेकदा बदलले आहे. औषधांचा शोध हे या बदलाचे एक कारण असले, तरी रुग्णालयांची रचना, कायदे, कुटुंबाची धारणा आणि खुद्द विकाराचे नाव यांचाही त्यात वाटा आहे.

लक्षणे : विकाराची लक्षणे स्थूलमानाने तीन गटांत मांडतात. प्रत्यक्षात कोणी बोलत नसता आवाज ऐकू येणे यांसारखे निर्वस्तुभ्रम आणि कोणीतरी पाठलाग करीत आहे, आपले विचार इतरांना कळत आहेत, यांसारखे पुराव्याने न ढळणारे संभ्रम पहिल्या गटात येतात. दुसऱ्या गटात उत्साह मावळणे, बोलणे कमी होणे, भावना बोथट होणे, स्वच्छतेकडे दुर्लक्ष होणे व एकलकोंडेपणा ही लक्षणे असतात. तिसरा गट अवधान, स्मरण व नियोजन यांतील उणिवांचा. पहिल्या गटातील लक्षणे लक्ष वेधून घेतात व औषधांनी तुलनेने लवकर शमतात. दुसऱ्या गटातील लक्षणे मात्र आळस किंवा हट्टीपणा समजली जातात आणि दीर्घकाळ टिकतात. ही लक्षणे आजाराचाच भाग आहेत, हे न उमगल्यामुळे घरात होणारा संघर्ष हा निदानानंतरच्या पहिल्या वर्षातील एक मोठा अडसर ठरतो.

प्राचीन व लौकिक कल्पना : चरकसंहितेत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोन्ही भागांत उन्मादाचे विवेचन आहे. मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार इत्यादींचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी तेथील मांडणी असून वात, पित्त, कफ व सन्निपात यांपासून होणारे चार आणि आगंतुक असा पाचवा प्रकार सांगितला आहे. उन्मादाची ही कल्पना बरीच व्यापक असल्याने ती आजच्या छिन्नमानसाशी एकरूप मानता येत नाही. आगंतुक उन्मादाचा संबंध भूतग्रहादींशी जोडलेला असला, तरी उन्माद हा वैद्याच्या कक्षेतील विषय मानला गेला, हे महत्त्वाचे होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण परंपरेत मात्र 'बाहेरचे लागणे', 'करणी', 'अंगात येणे' ही स्पष्टीकरणे प्रबळ राहिली आणि देवऋषी, अंगारा, गंडादोरा व जागृत समजल्या जाणाऱ्या स्थानांची वारी हे उपायही चालत आले. या स्पष्टीकरणांत दोष बाहेरच्या शक्तीकडे जात असल्याने रुग्णाला घरात व गावात स्थान राहत असे. परंतु त्यांपायी वैद्यकीय उपचाराला विलंब होई आणि प्रसंगी मारहाण, उपासमार व साखळदंड हेही उपचार म्हणून खपवून घेतले जात.

निदानाचा उगम : आधुनिक निदानाचा पाया जर्मन मानसचिकित्सक एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांनी घातला. त्यांनी आपल्या पाठ्यग्रंथाच्या १८९३ ते १८९९ या काळातील आवृत्त्यांमधून तरुणपणी सुरू होणाऱ्या काही चित्तविकृतींना 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हणजे अकाली बुद्धिऱ्हास या एका नावाखाली एकत्र आणले. उन्माद-अवसादाच्या विकारात रुग्ण पूर्वस्थितीला येतो, तर अकाली बुद्धिऱ्हासात तो उत्तरोत्तर खालावत जातो, हा त्यांच्या वर्गीकरणाचा आधार होता. अशा रीतीने रोगाचे भवितव्य हेच त्याच्या व्याख्येचा भाग बनले. निदान उच्चारणे म्हणजे ऱ्हासाचे भाकीत करणे, ही समजूत येथूनच रूढ झाली.

स्विस मानसचिकित्सक ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा सुचविली आणि १९११ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्वच रुग्णांत बुद्धिऱ्हास होत नाही व विकाराची सुरुवात नेहमीच तरुणपणी होत नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. त्यांचे पुत्र मान्‌फ्रेट ब्लॉइलर (१९०३–९४) यांनी झुरिक येथील २०८ रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेऊन १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरीने पाहता पहिल्या पाच वर्षांनंतर विकार अधिक खालावत नाही आणि रुग्णांपैकी सु. एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश दीर्घकाळ पूर्णपणे बरे राहतात, असे त्यांना आढळले. क्रेपेलीन यांच्या भाकिताला यामुळे मोठी मर्यादा पडली. पुढे खुद्द नावाचाही पुनर्विचार झाला. जपानमध्ये 'मन दुभंगण्याचा रोग' या अर्थाची जुनी संज्ञा २००२ मध्ये अधिकृतपणे बदलण्यात आली. जुन्या नावामुळे डॉक्टर ते रुग्णाला सांगण्यास आणि कुटुंबीय ते स्वीकारण्यास कचरत असत, हे त्यामागील एक कारण होते.

महाराष्ट्रातील मनोरुग्णालये : ब्रिटिश अमदानीत मुंबईत कुलाबा येथे वेड्यांचे इस्पितळ होते. १८५८ च्या कायद्याने अशा इस्पितळांच्या स्थापनेला व त्यांतील प्रवेशाला कायदेशीर चौकट मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूर व रत्नागिरी येथे, विसाव्या शतकाच्या आरंभी ठाणे येथे आणि त्यानंतर पुण्याजवळ येरवडा येथे अशी इस्पितळे उभी राहिली. हीच चार रुग्णालये पुढे राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये बनली. त्यांपैकी येरवड्याचे रुग्णालय अडीच हजारांहून अधिक मंजूर खाटांचे असून देशातील अतिविशाल मनोरुग्णालयांत त्याची गणना होते.

१९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यानुसार रुग्णाला दाखल करण्यासाठी सामान्यतः दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. त्यामुळे उपचाराची वाट पोलीस व न्यायालय यांवरून जाई आणि आजाराला गुन्ह्याची छाया चिकटे. १९२० च्या सुमारास या संस्थांना 'वेड्यांचे इस्पितळ' ऐवजी 'मानसिक रुग्णालय' म्हणण्यास सुरुवात झाली. परंतु उंच भिंती, कुलूपबंद दालने व गर्दी यांत फारसा फरक पडला नाही. मुंबईकडे 'ठाण्याला पाठविणे' आणि पुण्याकडे 'येरवड्याला पाठविणे' हे वाक्प्रयोग रूढ झाले. येरवड्यातच मध्यवर्ती कारागृहही असल्याने तेथील दुसऱ्या प्रयोगाला दुहेरी अर्थ आला. सर जोसेफ भोर समितीने १९४६ च्या अहवालात मानसिक रुग्णांसाठी देशात सु. ४०,००० लोकांमागे एक खाट असल्याचे दाखवून दिले. बहुसंख्य रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. ते घरी, रस्त्यावर किंवा देवस्थानांच्या आवारात राहत असत.

भिंतीबाहेरच्या उपचाराचा आरंभ मुंबईत तुलनेने लवकर झाला. जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी १९३८ मध्ये मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या विभागानंतरचा हा देशातील एक आद्य प्रयत्न होय. सर्वसाधारण रुग्णालयाच्या प्रवेशद्वारातून इतर रुग्णांबरोबर आत जाता येणे, ही वरवर किरकोळ वाटणारी सोय पुढे अत्यंत परिणामकारक ठरली, कारण तेथे जाणाऱ्यावर शिक्का बसत नसे.

उपचारांचा विकास : औषधे उपलब्ध होण्यापूर्वी इन्शुलीनजन्य बेशुद्धी (१९३३) आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया (१९३५) असे धोकादायक उपाय योजले गेले आणि पुढे ते मागे पडले. ऊगो चेर्लेत्ती व लूचो बीनी यांनी १९३८ मध्ये सुरू केलेली विद्युत् चिकित्सा मात्र भूल देऊन व स्नायू शिथिल करून आजही निवडक रुग्णांत उपयुक्त ठरते. भारतात सर्पगंधा या वनस्पतीचा वेडेपणावर परंपरेने उपयोग होत असे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या शामक व रक्तदाब उतरविणाऱ्या गुणांची नोंद केली. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील रक्तदाबावरील लेखामुळे जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे काढण्यात आले आणि काही काळ छिन्नमानसावर वापरले गेले. पण अवसादासारख्या दुष्परिणामांमुळे व अधिक गुणकारी औषधे आल्याने ते मागे पडले.

खरे स्थित्यंतर क्लोरप्रोमाझीनमुळे घडले. फ्रान्समध्ये १९५० च्या अखेरीस तयार झालेल्या या औषधाचा पॅरिस येथील सेंट-ॲन रुग्णालयात झां दले (१९०७–८७) व प्येअर दनिके (१९१७–९८) यांनी १९५२ मध्ये चित्तविकृतींवर पद्धतशीर वापर केला. हे औषध मेंदूतील डोपामीन या संदेशवाहक द्रव्याची क्रिया रोखते, हे पुढे स्पष्ट झाले. या औषधांनी आवाज व संभ्रम ओसरू लागले आणि घरी राहून उपचार घेणे शक्य झाले. मात्र हातपाय कंप पावणे, अंग ताठरणे, एका जागी बसवेनासे होणे आणि दीर्घकाळानंतर तोंड व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होणे, असे दुष्परिणामही दिसून आले. नंतरच्या पिढीतील औषधांत हे त्रास कमी असले, तरी वजनवाढ व मधुमेह यांचा संभव अधिक असतो. क्लोझापीन हे औषध रक्तातील पांढऱ्या पेशी घटण्याच्या धोक्यामुळे १९७५ नंतर अनेक देशांत मागे पडले होते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत ते गुणकारी ठरते, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते पुन्हा वापरात आले. दर काही आठवड्यांनी घ्यावयाच्या दीर्घप्रभावी इंजेक्शनांमुळे रोजच्या गोळ्यांची चिंताही अनेकांच्या बाबतीत दूर झाली आहे.

निदानानंतरचा क्रम : पहिला झटका बहुधा उपचाराने काही आठवडे ते काही महिने या अवधीत शमतो. झोप व अस्वस्थता यांत सुधारणा आधी होते, आवाज व संभ्रम हळूहळू क्षीण होतात आणि उत्साह परत येण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो. झटका ओसरल्यावर अनेकांना एक उदास काळ येतो. आपल्याला काय झाले होते, याची जाणीव या वेळी होते, अभ्यासात किंवा नोकरीत मागे पडल्याचे शल्य टोचते आणि 'आता बरे वाटते' म्हणून औषध सोडण्याचा मोहही याच सुमारास होतो. औषध अचानक थांबविल्यास विकार उलटण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून पहिल्या झटक्यानंतरही निदान एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे आणि मात्रा कमी करावयाची झाल्यास ती वैद्यकीय देखरेखीखालीच करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. आत्महत्येचा धोका आजाराच्या आरंभीच्या वर्षांत अधिक असतो. निराशेचे बोल गंभीरपणे घेऊन रुग्णाशी मोकळेपणाने बोलणे व त्वरित वैद्यकीय मदत मिळविणे आवश्यक ठरते.

विकार उलटण्यापूर्वी बहुधा काही पूर्वचिन्हे दिसतात. झोप कमी होणे, माणसे टाळणे, किरकोळ गोष्टींत गूढ अर्थ दिसणे व चिडचिड वाढणे ही त्यांपैकी प्रमुख होत. प्रत्येक रुग्णाची चिन्हे निरनिराळी, पण त्याच्या बाबतीत पुनःपुन्हा तीच असतात. त्यामुळे ती टिपून ठेवणारे कुटुंब पुढचा झटका आरंभीच ओळखू शकते. गांजा व मद्य यांनी धोका वाढतो. मधुमेह व हृद्‌रोग यांसारख्या शारीरिक आजारांमुळे या रुग्णांचे आयुर्मान घटते. त्यामुळे वजन, रक्तदाब व रक्तशर्करा यांची तपासणी हाही मानसोपचाराचाच भाग मानला जातो. विकारात अनुवंशाचा वाटा असला, तरी तो निर्णायक नसतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असल्यास अपत्याला तो होण्याचा संभव सु. दहा टक्के असतो. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला विकार असता दुसऱ्याला तो होण्याचा संभव सु. निम्मा किंवा त्याहून कमीच असतो. संगोपनातील चुकांमुळे हा विकार होतो, या एके काळी प्रचलित असलेल्या मताला आधार मिळालेला नाही.

रुग्णांचे दीर्घकालीन भवितव्य एकसारखे नसते. काहींना एकच झटका येतो, अनेकांना मधूनमधून झटके येतात व मधल्या काळात ते कामकाज करू शकतात, तर काहींना सततच्या आधाराची गरज भासते. यांपैकी कोणता मार्ग एखाद्याच्या वाट्याला येईल, हे निदानाच्या दिवशी निश्चितपणे सांगता येत नाही.

भारतीय संशोधन : जागतिक आरोग्य संघटनेने १९६० नंतरच्या दशकात नऊ देशांतील केंद्रांत १,२०२ रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. त्यांत भारतातील आग्र्याचा समावेश होता. पुढील टप्प्यात चंडीगढ येथील शहरी व ग्रामीण रुग्णही अभ्यासले गेले. विकसनशील देशांतील रुग्णांची स्थिती काही वर्षांनंतर औद्योगिक देशांतील रुग्णांपेक्षा चांगली असते, हा या अभ्यासांचा गाजलेला निष्कर्ष होय. एकत्र कुटुंब, झेपेल तेवढे काम देणारी शेती आणि सैल सामाजिक अपेक्षा ही त्याची संभाव्य कारणे सांगितली गेली. लंडनमधील संशोधनात, सतत टीका किंवा अतिरेकी गुंतवणूक असलेल्या घरांत विकार अधिक वेळा उलटतो, असे आढळले होते. नरेंद्रनाथ विग व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चंडीगढच्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत असे वातावरण तुलनेने कमी असल्याचे दिसून आले. मात्र या निष्कर्षांचा सरधोपट अर्थ लावणे योग्य नाही. अभ्यासातून गळालेले, उपचारापर्यंत न पोहोचलेले व अकाली मृत्यू पावलेले रुग्ण लक्षात घेता हे चित्र तितकेसे आशादायक राहत नाही, असे विक्रम पटेल, आर. तारा आदी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. कुटुंब ही उपचारातील मोठी शक्ती आहे. परंतु सेवांची उणीव भरून काढणारा तो पर्याय नव्हे.

ग्रामीण परिस्थिती : या प्रश्नाचे व्यावहारिक रूप पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात पाहावयास मिळते. शिरूर तालुक्यात, दौंड तालुक्याच्या सीमेलगत, मांडवगण फराटा हे शेतीप्रधान गाव आहे. अशा गावातील कुटुंबाला मानसोपचारतज्ञाकडे जाण्यासाठी सामान्यतः तालुक्याचे ठिकाण किंवा पुणे गाठावे लागते. पुण्यास ससून सर्वोपचार रुग्णालय, औंध येथील जिल्हा रुग्णालय व येरवडा येथील मनोरुग्णालय या शासकीय सोयी आहेत. एका तपासणीसाठी रुग्ण व सोबतचा माणूस अशा दोघांची दिवसभराची मजुरी बुडते. त्यामुळे औषध सोडण्यामागे अनास्थेपेक्षा अंतर व खर्च हीच कारणे पुष्कळदा असतात. १९८२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आणि १९९६ पासूनच्या त्याच्या जिल्हा कार्यक्रमाचा उद्देश हे अंतर कमी करण्याचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन नेहमीची औषधे गावाजवळ उपलब्ध करण्याचा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने मराठीतूनही सल्ला मिळू शकतो.

बागायती शेतीच्या जीवनक्रमात रुग्णाला अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही गोष्टी असतात. जनावरांना चारापाणी करणे, निंदणी, फवाऱ्यावर लक्ष ठेवणे अशी कामे लहान भागांत विभागता येतात. बरे होणाऱ्या माणसाला वेतनाच्या नोकरीपेक्षा ती अधिक झेपतात व त्याला घरात उपयुक्त स्थान देतात. उलट, शेतीपंपाचा वीजपुरवठा रात्री असला म्हणजे पाणी देण्यासाठी जागरण घडते आणि झोपमोड ही विकार उलटण्याचे निमित्त ठरू शकते. म्हणून रात्रीची पाळी रुग्णाकडे न देणे, ही साधी व्यवस्थाही उपचाराला पूरक ठरते. विवाहाचा प्रश्न याहून कठीण आहे. 'लग्न झाले की ताळ्यावर येईल' या समजुतीने आजार लपवून विवाह लावले जातात. औषधे लपवावी लागल्याने ती बंद पडतात, विकार उलटतो आणि दोन्ही घरे दुखावतात. यात स्त्री-रुग्णांचे हाल अधिक होतात, कारण आजारी पतीची शुश्रूषा पत्नीकडून गृहीत धरली जाते, तर आजारी पत्नीला पुष्कळदा माहेरी धाडले जाते.

कायदा : हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मनोविकाराच्या व्याख्येत छिन्नमानसाचा नावानिशी उल्लेख करण्यात आला. तथापि केवळ हे नाव लागले म्हणून घटस्फोट मिळत नाही, विकाराची तीव्रता सहजीवन अशक्य करण्याइतकी असल्याचे सिद्ध व्हावे लागते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात १९८८ मध्ये दिला. निदानाचे नाव व माणसाची प्रत्यक्ष स्थिती यांत फरक करणारा हा निर्णय या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला पाहिजे.

१९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली. तो १ एप्रिल १९९३ पासून अंमलात आला. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण मृत्युमुखी पडले आणि देशभर खळबळ उडाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरविला. पुढे निर्णयक्षमता नसताना कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याची व आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा त्याने दिली. रुग्णाला साखळीने बांधणे व भूल न देता विद्युत् चिकित्सा करणे यांवर त्याने बंदी घातली आणि आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच वागविण्याचे बंधन घातले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असून ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास काही सवलती मिळतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे व मारहाण करणे हे गुन्हे आहेत.

स्वयंसेवी कार्य : महाराष्ट्रातील स्वयंसेवी कार्याची प्रेरणा पुष्कळदा कुटुंबातील अनुभवातून आली. मूळचे महाराष्ट्रातील व कॅनडात कॅल्गरी येथे स्थायिक झालेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. त्यांच्या घरातच हा आजार होता व त्याविषयी ते उघडपणे बोलत.  सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने हा विकार मराठी प्रेक्षकांसमोर सहानुभूतीने मांडला. ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेनेही कुटुंबीयांच्या मार्गदर्शनाचे काम चालविले. डॉ. भरत व स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानमार्फत मुंबईतील रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील त्यांच्या घरी पोहोचविण्याचे कार्य केले. २००६ पासून त्याचे केंद्र कर्जत येथे आहे. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेले रुग्ण उपचारानंतर आपले गाव व नाव सांगू लागतात, हा या कार्यातील अनुभव ऱ्हासाच्या जुन्या कल्पनेला प्रत्यक्ष उत्तर देणारा आहे.

महाराष्ट्रातील स्वमदत गटांत 'रुग्ण' व 'काळजी घेणारे' यांऐवजी 'शुभार्थी' व 'शुभंकर' हे शब्द रूढ झाले आहेत. अशा गटात नव्याने येणाऱ्या कुटुंबाला दहा-वीस वर्षांपूर्वी याच अवस्थेतून गेलेली माणसे भेटतात. कोणी नोकरी करीत असते, कोणी घरकाम सांभाळीत असते, तर कोणाला अद्याप आवाज ऐकू येत असूनही त्यांच्याशी जुळवून घेता आलेले असते. क्रेपेलीन यांच्या काळी निदानाबरोबरच भवितव्यही ठरून जात असे. आज निदानामुळे उपचाराची दिशा तेवढी ठरते. पुढील वाटचाल औषधातील सातत्य, घरातील वातावरण, कामाची संधी आणि गावाजवळची आरोग्यसेवा यांवर अवलंबून राहते.